टक्क्यांच्या आत बसलेली चोरी

शोधनिबंध संशोधनपत्रिकेकडे पाठवण्याआधी साम्यतपासणीचा अहवाल येतो आणि त्यावर १८ टक्के असा आकडा दिसतो. मग धावपळ सुरू होते. ‘महत्त्वाचे’च्या जागी ‘मोलाचे’, ‘दिसून येते’च्या जागी ‘आढळते’, दोन वाक्यांचे एक, एकाची दोन. पुन्हा तपासणी होते, आकडा ९ वर येतो आणि निबंध रवाना होतो. या सगळ्या खटाटोपात ज्याचा मजकूर उचलला त्याचे नाव कुठेच आलेले नसते. उचलेगिरी होती तिथेच राहिली, फक्त सॉफ्टवेअरला दिसेनाशी झाली.

संशोधनपत्रिकेच्या संपादनाचे काम करताना असे निबंध नेहमी हाती येतात. त्याच्या उलट प्रकारही येतो. २५ टक्के साम्य दाखवणारा, पण एकही ओळ चोरलेली नाही असा निबंध दुसरीकडून केवळ आकडा पाहून परत पाठवलेला असतो आणि लेखक बिचारा आपले काय चुकले ते विचारत असतो. वाङ्मयचौर्याबद्दलचा आपल्याकडचा सगळा विचार एका टक्केवारीभोवती गोळा झाला आहे. त्यामुळे चोर सुटतात आणि प्रामाणिक माणसे अडकतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

टर्निटिन, आयथेंटिकेट किंवा ड्रिलबिट ही साधने काय करतात हे आधी नीट समजून घ्या. ती तुमच्या मजकुरातली शब्दांची ओळ आपल्या साठ्यातल्या ओळींशी जुळवतात, एवढेच. ओळ कुणाची, श्रेय दिले आहे की नाही, ती कायद्याच्या कलमाची आहे की कुणाच्या निष्कर्षाची, यातले काही त्यांना खात्रीने कळत नाही. म्हणून अहवाल हाती आला की पहिल्या पानावरचा आकडा बाजूला ठेवून आतली पाने उघडा. २२ टक्के साम्य २२ ठिकाणांहून थोडे थोडे आले असेल, तर त्यात बहुधा संस्थांची नावे, ‘महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६’ यांसारखे उल्लेख आणि नमुनानिवडीची ठरावीक वाक्ये सापडतील. पण ६ टक्के साम्य एकाच लेखातून आले असेल आणि ते निष्कर्षाच्या परिच्छेदात बसलेले असेल, तर तिथे थांबलेच पाहिजे.

तपासणी करताना संदर्भसूची आणि अवतरणचिन्हांतला मजकूर वगळण्याची सोय असते. ती वापरली आहे की नाही हे अहवाल देणाऱ्याला विचारा. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: कच्चा मसुदा तपासताना तो साधनाच्या साठ्यात जमा होणार नाही असा पर्याय निवडायला सांगा. नाहीतर पुढच्या तपासणीत तुमचाच निबंध तुमच्याच जुन्या मसुद्याशी जवळजवळ पूर्ण जुळतो आणि मग संपादकाला खुलासे देत बसावे लागते. देशातल्या विद्यापीठांना २०१९ पासून इन्फ्लिबनेटच्या ‘शोधशुद्धी’ योजनेतून अशी साधने मिळाली आहेत. ग्रंथपालांना भेटून या दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या, म्हणजे पुढचा मनस्ताप वाचतो.

दहा टक्क्यांची मुभा म्हणजे नेमके काय

विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्य प्रतिबंधक विनियम २०१८ साली आले. त्यांत चार स्तर आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या किरकोळ साम्याला दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत पहिला स्तर, चाळीसच्या वर साठपर्यंत दुसरा, साठच्या वर तिसरा. पीएचडीच्या विद्यार्थ्याला पहिल्या स्तरात ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, प्रबंध दुरुस्त करून द्यावा लागतो. दुसऱ्या स्तरात वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही आणि तिसऱ्यात नोंदणीच रद्द होते. प्रकाशित लेखनासाठी वेगळे कोष्टक आहे. पहिल्या स्तरात लेख मागे घ्यायचा. दुसऱ्यात लेख मागे घ्यायचा, एक वार्षिक वेतनवाढ गमवायची आणि दोन वर्षे नवा संशोधक विद्यार्थी घ्यायचा नाही. तिसऱ्यात सलग दोन वेतनवाढी जातात आणि मार्गदर्शनावरची बंदी तीन वर्षांची होते.

हे कोष्टक बहुतेकांना पाठ असते. त्याच विनियमांतले दुसरे वाक्य मात्र फारसे कुणी वाचत नाही. सारांश, गृहीतक, निरीक्षणे, निष्पत्ती, निष्कर्ष आणि शिफारशी हा भाग मूळ कल्पनांवरच उभा असावा आणि त्यात साम्य असू नये, असे तिथे म्हटले आहे. सामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे तेवढे वगळले आहेत. उचित श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, ऋणनिर्देश, कायदे, प्रमाणित चिन्हे आणि समीकरणे हीही मोजणीत धरायची नाहीत. म्हणजे दहा टक्के हा कोटा नाही. ‘दहाच्या आत आहे ना, मग झाले’ असे सांगणारे मार्गदर्शक आपल्या विद्यार्थ्याचे नुकसान करतात. निष्कर्षातली दोन वाक्ये दुसऱ्याची असतील, तर एकूण आकडा ४ टक्के असला तरी ती चोरी आहे.

चोरी टिपणवहीत सुरू होते

माझ्या अनुभवात जाणूनबुजून अख्खा लेख ढापणारे थोडे असतात. बहुतेक प्रकरणांचे मूळ टिपणे काढण्याच्या सवयीत सापडते. वाचताना परिच्छेद जसाच्या तसा उतरवून घेतला, पान क्रमांक लिहिला नाही, अवतरणचिन्हे टाकली नाहीत. वर्षभराने ते टिपण उघडले तेव्हा वाक्य आपले की पुस्तकातले हे आठवत नाही. भाषा चांगली वाटते, विचार ओळखीचा वाटतो आणि ते वाक्य निबंधात जाऊन बसते.

यावर उपाय साधा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून करावा लागतो. शब्दशः उतरवलेले प्रत्येक वाक्य त्याच क्षणी अवतरणचिन्हांत घाला आणि शेजारी लेखक, वर्ष, पान लिहा. स्वतःचे मत वेगळ्या रंगात किंवा वेगळ्या रकान्यात लिहा. दुसऱ्याचा विचार आपल्या शब्दांत मांडायचा असेल, तर परिच्छेद दोनदा वाचा, पुस्तक मिटा आणि मगच लिहायला घ्या. पुस्तक उघडे ठेवून ‘आपल्या शब्दांत’ लिहिणे कुणालाच साधत नाही.

एक नमुना घेऊ. समजा, एका पाहणीअहवालात असे वाक्य आहे: ‘या गावातल्या विहिरी खोल गेल्या त्या पाऊस कमी झाला म्हणून नव्हे, तर उसाखालचे क्षेत्र वाढले म्हणून.’ आता निबंधात हे येते: ‘सदर गावातील विहिरींची पाणीपातळी खालावण्यामागे पर्जन्यमानातील घट नसून ऊस लागवडीखालील क्षेत्रातील वाढ हे कारण असल्याचे दिसते.’ एकही सलग तुकडा जुळत नाही. सॉफ्टवेअर शून्य दाखवेल. पण निरीक्षण, युक्तिवाद आणि वाक्याची रचना, तिन्ही त्या अहवालाची आहेत. संदर्भ दिलेला नसेल, तर ही सरळ उचलेगिरी आहे. वाक्याच्या शेवटी संदर्भ दिला, तर श्रेयाचा प्रश्न मिटतो, पण संशोधकाने स्वतः काही केले असे होत नाही. आता हे पाहा: ‘विहिरी आटण्याचा दोष पावसाला द्यायचा की पिकाला, या वादात अमुक अहवाल पिकाकडे बोट दाखवतो. आमच्या पाहणीतल्या दोन गावांत मात्र ऊस जवळजवळ नाही आणि विहिरी तरीही कोरड्या आहेत.’ इथे दुसऱ्याचे ते दुसऱ्याच्या नावावर आहे आणि त्यापुढे लेखकाचे स्वतःचे पाऊल पडले आहे. टक्के कमी करण्यासाठी घालवलेली रात्र या दुसऱ्या वाक्यासाठी घालवा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी काही जागी सावध राहायला हवे, कारण मराठी मजकुरावर या साधनांची नजर फारच अधू आहे. युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये टंकलेले प्रबंध, ‘नवभारत’ किंवा ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांसारख्या नियतकालिकांचे जुने अंक, छायाप्रत काढून ठेवलेली पुस्तके यांतला मजकूर यंत्राला बहुधा वाचताच येत नाही. इंग्रजी किंवा हिंदी लेखाचा मराठी अनुवाद करून तो स्वतःच्या नावावर छापला, तरी अहवाल बहुधा कोरा येतो. अनुवाद करून घेतलेला परिच्छेद हा उद्धृत परिच्छेदच असतो. मूळ लेखकाचे नाव, पान आणि ‘अनुवाद माझा’ एवढे शब्द त्याला हवेतच.

इतिहासाच्या निबंधांत एक प्रकार इतका रुळला आहे की त्यात काही गैर आहे असे अनेकांना वाटतच नाही. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’मधून किंवा सरदेसायांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांतून पत्र घ्यायचे आणि तळटीप अशी द्यायची की जणू आपण पुण्याच्या अभिलेखागारात बसून मोडीतला मूळ कागद वाचला. ज्यांनी गावोगाव फिरून दप्तरे गोळा केली, अक्षर लावले, तारखा जुळवल्या, त्यांची मेहनत अशा तळटिपेत पुसली जाते. याहून वाईट म्हणजे, एखाद्या आधुनिक अभ्यासकाने शोधून काढलेले पत्र त्याच्या लेखातून घेऊन थेट मूळ खंडाचा हवाला देणे. जे पाहिले तेच लिहा: ‘अमुक खंड, लेखांक अमुक, अमुक यांच्या लेखात उद्धृत’. राजवाडे १९२६ साली गेले, त्यांच्या लेखनावरचा कॉपीराइट केव्हाच संपला, मग नाव कशाला द्यायचे, असेही ऐकायला मिळते. कॉपीराइट हा हक्काचा आणि मुदतीचा विषय आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर आपल्याकडे साठ वर्षांनी तो संपतो. श्रेय देण्याच्या कर्तव्याला मुदत नसते.

स्वतःचेच लेखन पुन्हा वापरण्याबद्दलही गोंधळ आहे. पीएचडीच्या प्रबंधातून शोधनिबंध काढणे यात काहीच वावगे नाही, प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात असला तरी. फक्त पाठवतानाच्या पत्रात आणि निबंधाच्या पहिल्या तळटिपेत तसे लिहा. परिषदेच्या स्मरणिकेत छापलेला निबंध शीर्षक बदलून पुन्हा पाठवणे आणि एकच निबंध एकाच वेळी दोन पत्रिकांकडे पाठवणे मात्र चालत नाही. दोन्ही ठिकाणी परीक्षक आपला वेळ फुकट देत असतात.

आता वाक्ये फिरवून देणारी यंत्रे आली आहेत. त्यांच्या भरवशावर राहणाऱ्यांनी २०२१ साली गियोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह यांनी दाखवून दिलेला प्रकार लक्षात ठेवावा. संगणकशास्त्राच्या निबंधांत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ आणि इतर काही निबंधांत ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बूझम पेरिल’ असे शब्द त्यांना सापडले. समानार्थी शब्द बदलणाऱ्या यंत्राने पारिभाषिक संज्ञाही बदलून टाकल्या होत्या. अशा शब्दांचा माग काढून आता निबंध शोधले जातात आणि मागे घेतले जातात. भाषा सुधारण्यासाठी चॅटजीपीटीसारख्या साधनाची मदत घेतली असेल, तर पत्रिकेचे धोरण वाचा आणि तसे उघड लिहा. त्याला सहलेखक मात्र करता येत नाही. जो लेखनाची जबाबदारी घेऊ शकत नाही त्याला लेखक म्हणता येत नाही, अशी भूमिका ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ म्हणजेच ‘कोप’ या संस्थेने घेतली आहे. आणि संपादकांनो, एखाद्या यंत्राने ‘हा मजकूर एआयने लिहिला आहे’ असे सांगितले तर तेवढ्यावर कुणाला दोषी धरू नका. तो अंदाज असतो, पुरावा नव्हे.

संपादकाच्या टेबलावर

‘कोप’ ही संस्था १९९७ साली ब्रिटनमधल्या वैद्यकीय पत्रिकांच्या संपादकांनी सुरू केली. संशयित निबंध हाताळण्याचे तिचे आराखडे सर्वांना खुले आहेत. सदस्य नसलेल्या छोट्या पत्रिकेनेही ते वापरावेत, कारण रागाच्या किंवा भिडेच्या भरात निर्णय घेण्यापासून ते वाचवतात.

संशय आला की आधी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून तक्ता करा: डावीकडे निबंधातला परिच्छेद, उजवीकडे मूळ, दोन्हींचे पान क्रमांक. हा तक्ता करताना निम्म्या शंका आपोआप फिटतात. उचललेला भाग किरकोळ असेल, पद्धतीच्या वर्णनातला एखादा परिच्छेद किंवा सुटलेली अवतरणचिन्हे, तर लेखकाला दुरुस्ती करायला सांगा. नवखा विद्यार्थी असेल तर समजावून सांगा. भाग मोठा असेल तर पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला लिहा, पण आरोप करू नका. ‘आपल्या निबंधातील परिच्छेद ३ ते ७ आणि सोबत जोडलेला अमुक लेख यांत साम्य आढळले. याबाबत आपले म्हणणे अमुक तारखेपर्यंत कळवावे.’ एवढे पुरे. उत्तर आले नाही तर सगळ्या सहलेखकांना लिहा. अनेकदा सहलेखकाला आपले नाव त्या निबंधावर आहे हेच ठाऊक नसते. तिथूनही काही आले नाही तर लेखकाच्या संस्थेला कळवा. नुसता नकार कळवून मोकळे होऊ नका. तोच निबंध पुढच्या महिन्यात दुसऱ्या पत्रिकेकडे जातो आणि छापला जातो.

छापून झालेल्या लेखाबाबत आपल्याकडे फार वाईट रीत पडली आहे. तक्रार आली की संकेतस्थळावरून पीडीएफ गुपचूप काढून टाकायची आणि जणू तो लेख कधी नव्हताच असे वागायचे. असे कधीही करू नका. तो लेख तोवर कुणी संदर्भ म्हणून वापरलेला असतो, कुणाच्या पदोन्नतीच्या फायलीत लागलेला असतो. लेख जागेवर ठेवा, प्रत्येक पानावर ‘मागे घेतला’ असा शिक्का द्या आणि स्वतंत्र निवेदन छापा. लेख कोण मागे घेत आहे, कशामुळे, कोणता भाग कोणाच्या लेखनातून आला, हे त्यात स्पष्ट लिहा. हे निवेदन सर्वांना विनामूल्य वाचता आले पाहिजे. ज्याचा मजकूर उचलला गेला त्या लेखकाला पत्र पाठवा. हे पत्र बहुतेक संपादक विसरतात आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच सगळे शेवटी कळते.

परीक्षकांवरही लक्ष हवे. अमेरिकेतले डॉ. मायकेल डॅन्सिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध ‘अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ने २०१५ साली नाकारला. पुढच्या वर्षी तोच निबंध दुसऱ्या पत्रिकेत, दुसऱ्यांच्या नावाने छापून आला. ज्या परीक्षकाकडे तो गोपनीय वाचनासाठी गेला होता त्यानेच लेखकांची नावे आणि संशोधनाचे ठिकाण बदलून तो स्वतःचा म्हणून दिला होता. तो लेख मागे घेतला गेला. डॅन्सिंजर यांनी चोराला उद्देशून लिहिलेले अनावृत पत्र ‘अॅनल्स’नेच छापले. त्यात त्यांनी चोराचे नाव न घेता अनेक वर्षांच्या कष्टांचे काय झाले ते सांगितले आहे. परीक्षणाला पाठवताना निबंध कुणाला, कोणत्या तारखेला दिला याची नोंद ठेवा. परीक्षकांकडून गोपनीयतेचे लेखी आश्वासन घ्या. लेखकांनीही मसुद्यांच्या तारखा आणि ईमेल जपून ठेवावेत.

तुमचाच मजकूर चोरीला गेला तर

आधी शांतपणे पुरावा गोळा करा. छापलेल्या लेखाची पीडीएफ उतरवून घ्या, त्या पानाचे तारीख दिसेल असे छायाचित्र घ्या, कारण तक्रार गेल्यावर लेख नाहीसा होऊ शकतो. वर सांगितला तसा दोन रकान्यांचा तक्ता करा. मग संपादकांना लिहा. सोशल मीडियावर टाकण्याचा मोह आवरा. एकदा नाव चारचौघांत घेतले की प्रकरण पुराव्यावरून प्रतिष्ठेवर जाते आणि चौकशी समितीलाही मोकळेपणाने काम करता येत नाही.

तुमच्या प्रबंधातले प्रकरण मार्गदर्शकाने स्वतःच्या नावावर छापले, ही तक्रार विद्यार्थी सर्वांत उशिरा करतात. कारण उघड आहे, पदवी मार्गदर्शकाच्या हातात असते. अशा वेळी पाठवलेल्या मसुद्यांचे ईमेल, प्रगतीअहवाल आणि ‘शोधगंगा’वरची नोंद हे तुमचे खरे बळ आहे. एकट्याने झुंजू नका, विभागातल्या एखाद्या विश्वासू ज्येष्ठ प्राध्यापकांना आधी कागद दाखवा.

२०१८च्या विनियमांनुसार विभागपातळीवर आणि संस्थापातळीवर अशा दोन समित्या असाव्या लागतात. तक्रार कागदोपत्री पुराव्यासह विभागाच्या समितीकडे द्यायची. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे म्हणणे ऐकून समितीने ४५ दिवसांत अहवाल संस्थेच्या समितीकडे पाठवायचा आणि संस्थेच्या समितीनेही ४५ दिवसांत आपल्या शिफारशी द्यायच्या, अशी मुदत आहे. तक्रारीची पोच घ्या आणि तारीख लिहून ठेवा. चोरी करणाऱ्याला पदवी आधीच मिळाली असेल तरी दार बंद होत नाही. चोरी नंतर सिद्ध झाली तर पदवी ठरावीक काळ स्थगित ठेवण्याची तरतूद आहे. परदेशात तर पदवी काढूनही घेतली गेली आहे: जर्मनीच्या तत्कालीन शिक्षणमंत्री आनेटे शावान यांची १९८०ची डॉक्टरेट ड्युसेलडॉर्फ विद्यापीठाने २०१३ साली काढून घेतली आणि त्यांना मंत्रिपदही सोडावे लागले.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या पत्रिका मात्र पत्राला उत्तरच देत नाहीत. तिथे संपादकाच्या मागे लागण्यात वेळ घालवू नका. तोच तक्ता आणि तीच पीडीएफ घेऊन थेट त्या लेखकाच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना आणि विद्यापीठाच्या कुलसचिवांना पोचदेय डाकेने लिहा, ईमेलची प्रतही पाठवा. तो लेख वेतननिश्चितीसाठी किंवा पदोन्नतीसाठी दाखवला गेला आहे का, हे तपासण्याची विनंती त्या पत्रात स्वतंत्र परिच्छेद करून लिहा. या एका परिच्छेदामुळे पत्र आवकजावक विभागात पडून राहत नाही, आस्थापना विभागापर्यंत पोचते.